अल्लाह आधी म्हणजे आई नंतर? एका दाव्याचा प्रतिवाद

एक मजकूर बराच फिरतो आहे. कुठे तो अभ्यासाचा आव आणतो, कुठे नुसताच खवचट असतो, पण आशय तोच. इस्लाम माणसाला अल्लाहवर सगळ्यांत जास्त प्रेम करायला सांगतो. म्हणून मुसलमानाच्या आईबापांच्या, बायकापोरांच्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वाट्याला उरलंसुरलं प्रेम येतं. पुराव्यादाखल कुराणातली एक आयत (९:२४), पैगंबरांचं एक वचन आणि इब्राहिम या जुन्या प्रेषिताने स्वतःच्या मुलाच्या गळ्यावर धरलेली सुरी. मग निकाल: असं फक्त याच धर्मात आहे, हा धर्म नाती तोडतो, हिंसेला माणसं पुरवतो, आणि त्यात जे काही प्रेमाचं दिसतं ते सूफींनी बाहेरून आणलेलं.

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, ते आधीच मान्य करून टाकतो. अल्लाहवरचं प्रेम सगळ्यांच्या वर, हे इस्लामच्या कडेला पडलेलं मत नाही, गाभ्यातलं आहे. ‘श्रद्धावंतांचं अल्लाहवरचं प्रेम सर्वांत दृढ असतं’ असं कुराण सरळ म्हणतं (२:१६५). काही भले लोक वाद टाळायला ‘छे, तसं काही नाही’ म्हणून वेळ मारून नेतात. त्याने काही साधत नाही. समोरचा आयत काढून दाखवतो आणि तुम्ही खोटे ठरता. माझा आक्षेप पहिल्या वाक्यावर नाही, त्याला जोडलेल्या ‘म्हणून’वर आहे. वरचं प्रेम वाढलं की खालचं आटतं, हे कुठल्या आयतीत लिहिलेलं नाही. ते मजकूर लिहिणाऱ्याने घरून आणलं आहे.

‘आयत स्पष्ट आहे, घरच्यांवर प्रेम नको’

९:२४ ही आयत पुरती वाचू. तिच्यात आठ गोष्टी आहेत: बाप, मुलगे, भाऊ, जोडीदार, गोतावळा, कमावलेला पैसा, बसेल की काय अशी धास्ती असलेला व्यापार आणि आवडती घरं. या जर तुम्हाला अल्लाह, त्याचा प्रेषित आणि त्याच्या मार्गातली झुंज यांहून अधिक प्रिय असतील, तर अल्लाहचा हुकूम येईपर्यंत वाट पाहा, असा इशारा आहे. सूर कडक आहे. बाराव्या शतकातले भाष्यकार जमख्शरी इथे थांबून म्हणतात की ही आयत फार कठोर आहे, हिच्याहून कठोर तुम्हाला दिसणार नाही. तेव्हा तिला साखर लावायच्या भानगडीत मी पडत नाही.

पण फिरणाऱ्या मजकुरात यादी पाचव्या नावावर तुटते. पैसा, व्यापार आणि घरं गळून पडतात, आणि आयत केवळ नात्यांविरुद्ध बोलते आहे असं वाटू लागतं. ती तीन नावं परत जागेवर ठेवली की रोख कळतो. जुने भाष्यकार या आयतीची सांगड हिजरतीशी, म्हणजे मुसलमानांच्या स्थलांतराशी, घालतात. ६२२ मध्ये मक्का सोडून मदिनेला जायचं ठरलं, तेव्हा काहींचे पाय निघेनात. बायका रडू लागल्या, धंदा बुडेल असं वाटलं, घरं ओस पडतील असं वाटलं. आयत त्या अडलेल्या पायांशी बोलते आहे. या आठही गोष्टी माणसाला प्रिय असतात, हे तिला ठाऊक आहे. प्रश्न एवढाच विचारते की पेच पडला तर कोणाचं ऐकशील.

तेराव्या शतकातले बैदावी याच जागी एक फरक करतात, आणि मला वाटतं सगळ्या वादाची किल्ली तिथे आहे. ते म्हणतात, इथे मागितलेलं प्रेम निवडीचं आहे, स्वाभाविक नाही. कारण स्वाभाविक प्रेमावर हुकूम चालत नाही, म्हणून ते कर्तव्याच्या कक्षेतच येत नाही. पोटच्या पोराला पाहून आत जे हलतं ते कमी कर, असं कोणी सांगितलेलं नाही. तसं सांगता येतच नाही. खुद्द पैगंबरांची एक प्रार्थना हदीसमध्ये, म्हणजे त्यांच्या वचनांच्या आणि वागण्याच्या नोंदींत, आहे. बायकांमध्ये दिवसांची वाटणी नेमकी करून ते म्हणत: हे अल्लाह, जे माझ्या हाती आहे त्यातली ही माझी वाटणी, जे तुझ्या हाती आहे आणि माझ्या नाही, त्याचा ठपका माझ्यावर ठेवू नकोस. हाती नसलेलं ते म्हणजे मन, असा खुलासा जुन्या संग्राहकांनीच केला आहे.

मग वरचं प्रेम व्यवहारात दिसतं कुठे? कुराणानेच एक जागा दाखवली आहे (४:१३५): न्यायाला धरून उभे राहा, अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती तुमच्या स्वतःच्या, आईबापांच्या, आप्तांच्या विरुद्ध का जाईना. मुलाने कोणाची जमीन लुबाडली आहे आणि बापाला साक्षीला बोलावलं आहे. अल्लाह वर असेल तर बाप खरं बोलेल. मुलगा वर असेल तर खोटं बोलेल. यात पोरावरची माया कुठेच कमी झालेली नाही. तिला फक्त कोणाचा घास काढून घ्यायची मुभा नाकारली आहे. ज्यांना ही आयत क्रूर वाटते त्यांनाही आपल्या खटल्यातला साक्षीदार असाच हवा असतो, हे जाता जाता.

आणि हे काही एकट्या इस्लामचं वैशिष्ट्य नाही. आईबापांवर माझ्याहून अधिक प्रेम करणारा मला योग्य नाही, असं येशूचं वचन मत्तयच्या शुभवर्तमानात आहे (१०:३७). संपूर्ण मनाने, संपूर्ण जिवाने देवावर प्रेम कर, ही आज्ञा तोरामध्ये, ज्यूंच्या धर्मग्रंथात, आहे. तिथेही आहे म्हणून इथलं आपोआप बरोबर, असं मी म्हणत नाही. पण ‘फक्त याच धर्मात’ हे शब्द मात्र खोडावे लागतील.

‘पैगंबरावर आईबापांपेक्षा जास्त प्रेम करा म्हणतात’

म्हणतात. बुखारींच्या, म्हणजे सर्वांत मान्यता असलेल्या हदीस-संग्राहकाच्या, संग्रहात हदीस आहे: मी तुम्हाला बाप, मुलं आणि सगळ्या माणसांहून अधिक प्रिय होत नाही, तोवर तुमची श्रद्धा पुरी नाही. पैगंबरांचे सोबती हजरत उमर यांचा प्रसंगही आहे. ते म्हणाले, तुम्ही मला सगळ्यांहून प्रिय आहात, फक्त माझ्या स्वतःच्या जिवाचा अपवाद. पैगंबर म्हणाले, नाही, तुझ्या जिवाहूनही. उमर म्हणाले, तर आता जिवाहूनही. ‘आता झालं, उमर.’

मजकूर इथे थांबतो आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर सगळं प्रेम स्वतःकडे ओढून घेणारा माणूस उभा राहतो. पण त्याच बुखारींच्या संग्रहात, श्रद्धेच्या त्याच प्रकरणात, अगदी त्याच घडणीचं दुसरं वाक्य आहे: स्वतःसाठी जे आवडतं ते भावासाठी आवडेपर्यंत तुमची श्रद्धा पुरी नाही. एक वाक्य उचलायचं आणि शेजारचं सोडायचं, याला वाचन म्हणत नाहीत.

शिवाय हा माणूस स्वतः कसा वागला? कारण अल्लाहवर सर्वाधिक प्रेम करणारा म्हणून मुसलमान ज्याच्याकडे बोट दाखवतात, तो हाच. दाव्याप्रमाणे त्याच्या घरात माणसांसाठी सगळ्यांत कमी ओलावा असायला हवा होता.

अम्र इब्न आस नावाचे सरदार एका मोहिमेचे सेनापती नेमले गेले होते. त्यांनी विचारलं, तुम्हाला सगळ्यांत प्रिय कोण? उत्तर आलं: आयशा. पुरुषांत? तिचे वडील (अबू बक्र). मग? उमर. पुढे आणखी नावं येत गेली, तेव्हा अम्र गप्प बसले, कारण आपलं नाव अगदी शेवटी येईल अशी भीती वाटली. ही कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे, म्हणून प्रसंग जास्त खरा वाटतो. दुसऱ्यासमोर बायकोचं नाव घेताना पैगंबरांची जीभ अडखळली नाही. ‘सर्वांत प्रिय तर अल्लाह’ अशी दुरुस्तीही जोडली नाही, कारण विचारणाराही माणसांबद्दलच विचारत होता. दुसऱ्या एका प्रसंगी मात्र ते म्हणतात, माझ्या रबशिवाय (पालनकर्त्याशिवाय) कोणाला जिवलग करायचं असतं तर अबू बक्रला केलं असतं. दोन्ही वाक्यं एकाच तोंडची. सर्वोच्च जागा राखीव, आणि तिच्या खाली भरभरून माणसं.

नमाज म्हणजे तर अल्लाहच्या पुढ्यात उभं राहणं. तिथे तरी माणसं मागे पडायला हवीत? ते सांगतात: मी नमाजला उभा राहतो तेव्हा ती लांबवायचा माझा विचार असतो, इतक्यात मूल रडलेलं ऐकू येतं आणि मी नमाज आटोपती घेतो, कारण त्याच्या आईच्या जिवाची काय घालमेल होत असेल ते मला ठाऊक आहे. ती बाई मागच्या रांगेत कुठेतरी उभी आहे, तिने तक्रार केलेली नाही, मूल तिचं, रडणं तिचं; आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाने तिच्यासाठी अल्लाहसमोरचा वेळ कमी केला. नात उमामा तर नमाजभर त्यांच्या खांद्यावर असे. सजद्याला, म्हणजे जमिनीवर डोकं टेकायला, जाताना तिला खाली ठेवायचं, उठताना परत उचलायचं. हे पाहणाऱ्यांनी पाहिलं आणि नोंदवलं.

अक्रा इब्न हाबिस यांनी त्यांना नातू हसनचा मुका घेताना पाहिलं आणि म्हणाले, मला दहा मुलं आहेत, एकाचाही मुका मी कधी घेतला नाही. पैगंबर त्यांच्याकडे पाहून म्हणाले, जो दया करत नाही त्याच्यावर दया होत नाही. इथे टोळीवाल्या कडक बापाला श्रद्धेचं सर्टिफिकेट मिळायला हवं होतं, मिळाली कानउघाडणी.

६३२ मध्ये त्यांचा तान्हा मुलगा इब्राहिम गेला. अंगाखांद्यावरचं पोर हातात शेवटचे श्वास घेत होतं आणि त्यांचे डोळे वाहू लागले. सोबतचा एकजण चकित झाला: तुम्हीसुद्धा? ते म्हणाले, ही दया आहे. मग: डोळे पाझरतात, काळीज दुखतं, आणि आम्ही तेच बोलतो जे आमच्या रबला रुचेल, इब्राहिम, तुझ्या जाण्याने आम्ही दुःखी आहोत. रबला न रुचणारं बोलायचं नाही, ही वरच्या प्रेमाची सीमा. त्या सीमेच्या आत रडायला पूर्ण मोकळीक होती.

भक्तीच्या नादात घर विसरणारे त्या काळातही होते. अबू दर्दा दिवसा रोजे आणि रात्री नमाज यांत इतके बुडाले की बायकोने नीटनेटकं राहणंच सोडलं. मित्र सलमान फारसी पाहुणे आले, त्यांनी ते पाहिलं. दिवसा जबरदस्तीने जेवायला बसवलं, रात्री ‘झोप आता’ म्हणून दटावलं, आणि शेवटच्या प्रहरी उठवून दोघांनी मिळून नमाज पढली. मग सलमान म्हणाले: तुझ्या रबचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या शरीराचा आहे, तुझ्या घरच्यांचा आहे, ज्याचा हक्क त्याला दे. प्रकरण पैगंबरांपर्यंत गेलं. निवाडा तीन शब्दांत झाला: सलमान खरं बोलला.

‘इब्राहिम तर पोटच्या पोराला कापायला निघाला’

ही गोष्ट अवघड आहे. ती वाचून पोटात गोळा येत नसेल तर ती नीट वाचलेली नाही. पण कुराणातली कथा (३७:१०२ पासून पुढे) मजकुरातल्या कथेहून वेगळी आहे. बापाला स्वप्न पडतं. तो ते मुलाला सांगतो आणि त्याला विचारतो, तुला काय वाटतं? मुलगा होकार देतो. बाप त्याला कपाळावर पाडतो. सुरीचा उल्लेखही तिथे नाही, आणि त्याच क्षणी हाक येते: स्वप्न तू खरं केलंस. मुलगा वाचतो. कुराण या प्रसंगाला उघड परीक्षा म्हणतं. आता परीक्षा कुणाची होईल? पोरावर ज्याचा जीव नाही त्याची नव्हे. अल्लाहवरच्या प्रेमाने मुलाचं प्रेम आटलं असतं, तर इब्राहिमला गमावण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढे कोणी ‘मलाही स्वप्न पडलं’ म्हणून मुलावर हात टाकला तर? फिक्हमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मकायद्यात, प्रेषिताखेरीज कोणाच्याही स्वप्नाला कायद्याची किंमत नाही, मुलांना मारणं कुराणात साफ मना आहे (१७:३१), आणि असा बाप गुन्हेगार ठरतो. जनावराच्या कुर्बानीबद्दलही कुराण म्हणतं की मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, तुमची तक्वा (अल्लाहची जाणीव ठेवून वागणं) पोचते (२२:३७). ही कथा बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातही आहे, फक्त तिथे मुलगा इसहाक आहे. कुराण मुलाचं नाव घेत नाही; बहुतेक मुसलमान तो इस्माईल मानतात.

‘घरात कोणी दुसऱ्या धर्माचं असेल तर नातंच तोडायचं’

या मुद्द्यात दम आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो. श्रद्धेपेक्षा कुफ्र (श्रद्धा नाकारणं) पसंत करणाऱ्या बापाला, भावाला पाठीराखा करू नका (९:२३). अल्लाहशी आणि प्रेषिताशी वैर धरणारे बाप, मुलगे, भाऊ असले तरी श्रद्धावंत त्यांच्याशी स्नेह ठेवताना दिसणार नाहीत (५८:२२). अनेकेश्वरवादी म्हणून मेलेल्या आप्तासाठी क्षमेची दुआ मागायलाही मनाई आहे (९:११३). हे सगळं तिथे आहे. आणि आजही धर्म सोडलेल्या मुलाला दाराबाहेर काढणारी घरं आहेत, ती याच आयती तोंडावर फेकतात. जुन्या फिक्हने धर्मत्यागाला सांगितलेली मृत्युदंडाची शिक्षा हा आणखी गंभीर वाद. तो प्रेमाच्या आयतींवर नव्हे, वेगळ्या हदीसींवर उभा आहे, पण तो आहे. हे झाकून प्रतिवाद करायचा नाही.

आता दुसरी बाजू, जी मजकुरात एका ओळीनेही येत नाही. लुकमान नावाच्या सूरहमध्ये, म्हणजे अध्यायात (३१:१४-१५), आईने अशक्तपणावर अशक्तपणा सोसत पोटात वागवलं, दोन वर्षांनी दूध तोडलं, हे सांगून कुराण म्हणतं: माझे आणि आईबापांचे आभार मान. तुला शिर्क (अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याची पूजा) करायला लावण्यासाठी ते तुझ्यामागे लागले तर त्यांचं ऐकू नकोस. मजकूर वाचणाऱ्याला वाटेल की संपलं. आयत संपत नाही. पुढचे शब्द आहेत: आणि या जगात त्यांच्याशी भलेपणाने वाग. श्रद्धेवर घाला घालणाऱ्या आईबापांबद्दल हे चाललं आहे, नुसत्या वेगळं मानणाऱ्यांबद्दल नाही. परंपरा ही आयत पैगंबरांचे सोबती साद इब्न अबी वक्कास यांच्याशी जोडते. त्यांनी इस्लाम स्वीकारला म्हणून आईने अन्नपाणी सोडलं आणि बोलणं टाकलं. मुलगा श्रद्धेवरून हटला नाही, पण आईशी वाईट वागायची परवानगीही त्याला मिळाली नाही.

आपल्याकडे प्रल्हादाची गोष्ट ज्याने ऐकली आहे त्याला हा पेच परका वाटू नये. बापाचा हुकूम त्याने मोडला, आणि भागवतात वर मागायची वेळ आली तेव्हा त्याच बापाचा उद्धार मागितला. तिथे आपण कोणी म्हणत नाही की विष्णुभक्तीने प्रल्हादाचं पितृप्रेम खाल्लं.

मक्केवाल्यांशी झालेल्या हुदैबियाच्या तहाच्या काळात अबू बक्र यांची मुलगी अस्मा हिची आई मदिनेला मुलीला भेटायला आली. आई मूर्तिपूजक, मुलगी मुसलमान. दोन्ही बाजूंनी मुडदे पडून फार दिवस झाले नव्हते. अस्माने पैगंबरांना विचारलं, तिच्याशी नातं ठेवू का? उत्तर: हो, आईशी नातं जप. आणि जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घरातून हाकललं नाही, त्यांच्याशी चांगुलपणाने आणि न्यायाने वागायला अल्लाह मना करत नाही, हे कुराणातच आहे (६०:८). वैराच्या आयती आणि ही आयत शेजारी ठेवल्या की रेघ कुठे ओढली आहे ते दिसतं: धर्माच्या फरकावर नाही, चालू वैरावर.

पैगंबरांचे चुलते अबू तालिब यांचं उदाहरण याहून बोलकं आहे. अनाथ पुतण्याला त्यांनी वाढवलं, टोळीच्या रागापुढे ढाल होऊन उभे राहिले. सुन्नी परंपरेनुसार ते इस्लाम न स्वीकारताच गेले (शिया परंपरा त्यांना मुसलमान मानते). बुखारींच्या संग्रहात आहे की त्यांच्याच संदर्भात आयत उतरली: ‘तू ज्याच्यावर प्रेम करतोस त्याला तू वाट दाखवू शकत नाहीस’ (२८:५६). ती पैगंबरांना त्यांच्या मर्यादेची जाणीव देते, पण त्यांचं चुलत्यावर प्रेम होतं हे गृहीत धरते आणि त्याबद्दल एक शब्दही रागावत नाही.

आणि एक साधी गोष्ट. मुसलमान पुरुषाला ज्यू किंवा ख्रिस्ती स्त्रीशी लग्न करता येतं (५:५), आणि नवराबायकोमधला स्नेह आणि दया ही अल्लाहची निशाणी आहे (३०:२१). वेगळ्या धर्माच्या माणसावर प्रेमच करायचं नसतं, तर अशा घरात या निशाणीचं काय करायचं होतं? मुसलमान स्त्रीला हीच मुभा जुन्या फिक्हने दिलेली नाही, हेही खरं आहे आणि तो भेदभावच आहे; पण त्याचं कारण प्रेमाची मनाई हे नव्हे.

‘जिहादसाठी पोरं याच आयतीने ओढतात’

ओढतात. ९:२४ या आयतीत झुंजीचा शब्द आहे आणि भरती करणाऱ्यांना तो पुरतो. पण परंपरेत त्यांच्या वाटेत एक अडसर आहे, आणि तो आईबापांचाच आहे. एक तरुण लढाईला जायची परवानगी मागायला आला. पैगंबरांनी विचारलं, आईबाप आहेत? हो म्हणाला. तर मग त्यांच्यासाठी झीज, तोच तुझा जिहाद. या हदीसच्या आधाराने बहुतेक फकीहांनी (धर्मकायद्याच्या पंडितांनी) ठरवलं की समाजातल्या काहींनी केलं तरी भागतं अशा युद्धाला आईबापांच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. शत्रू थेट गावावर चालून आला तर मात्र ही अट सुटते.

म्हणून तर १९८० च्या दशकात अफगाणिस्तानच्या युद्धासाठी अरब तरुण गोळा करणाऱ्या अब्दुल्ला अझ्झाम यांना आधी हे पटवावं लागलं की दूरदेशीचं हे युद्धही प्रत्येक मुसलमानावर व्यक्तिशः फर्ज (बंधनकारक) आहे, म्हणून आईबापांना विचारायची गरज नाही. दार उघडंच असतं तर ते फोडायचे कष्ट कोणी घेतले नसते.

‘माणसांच्या वाट्याला उरलंसुरलं’

‘जे तुम्हाला प्रिय आहे त्यातून खर्च केल्याशिवाय तुम्ही नेकीला पोचणार नाही’ (३:९२), ही आयत उतरली तेव्हा अबू तल्हा अन्सारी उठले. मदिनेतल्या अन्सारींमध्ये, म्हणजे पैगंबरांना आसरा देणाऱ्या स्थानिक मुसलमानांमध्ये, खजुरीच्या बागा सर्वांत जास्त त्यांच्या होत्या, आणि त्यांतली सगळ्यांत लाडकी बैरुहा, मशिदीच्या अगदी समोर. पैगंबर तिथे जाऊन तिचं गोड पाणी पीत. अबू तल्हा म्हणाले, ही बाग अल्लाहला दिली, तुम्ही म्हणाल तिथे लावा. आता दाव्याच्या हिशेबाने काय व्हायला हवं? प्रिय वस्तू माणसांकडून निघून अल्लाहकडे जायला हवी. झालं असं: पैगंबर म्हणाले, वाहवा, फायद्याचा सौदा आहे, मला वाटतं, तू ती तुझ्या नातलगांना दे. अबू तल्हांनी ती आपल्या आप्तांत आणि चुलतभावांत वाटून टाकली. अल्लाहला दिलेली बाग चुलतभावांच्या घरी गेली.

हा अपवाद नव्हे, रीतच अशी आहे. अल्लाह कोणावर प्रेम करतो ते कुराण वारंवार सांगतं, आणि ती यादी वाचताना हाती लागतात ते राग गिळणारे, लोकांना माफ करणारे (३:१३४), न्यायाने वागणारे, सबुरी धरणारे. ज्यांच्यावर करत नाही त्यांत गर्विष्ठ, दगाबाज, उधळे, जमिनीवर बिघाड माजवणारे. मुस्लिम नावाच्या हदीस-संग्राहकाच्या संग्रहातल्या एका हदीसमध्ये कयामतच्या दिवशी अल्लाह माणसाला म्हणतो, मी आजारी होतो, तू मला पाहायला आला नाहीस. माणूस गोंधळतो: तू तर साऱ्या जगाचा रब, तुला मी कसा पाहायला येणार? उत्तर येतं, माझा अमुक बंदा आजारी होता. तू त्याच्याकडे गेला असतास तर मी तिथेच सापडलो असतो. पुढे भुकेल्याबद्दल आणि तहानलेल्याबद्दल हेच.

‘मुळात तिथे भीतीच आहे, प्रेम सूफींनी आणलं’

भीती आहे, भरपूर आहे. नरकाची वर्णनं अंगावर काटा आणतात. पण ‘तो त्यांच्यावर प्रेम करतो आणि ते त्याच्यावर प्रेम करतात’ हे वाक्यही कुराणातलंच आहे (५:५४), आणि त्यात अल्लाहचं प्रेम आधी येतं. ११४ पैकी ११३ सूरहांच्या डोक्यावर दयेची दोन नावं आहेत.

एक गोष्ट खरी: अल्लाहवर प्रेम करणं शक्य तरी आहे का, यावर मुसलमानांतच वाद झाले. काही धर्मशास्त्री म्हणत, प्रेम आपल्या जातीच्या वस्तूवर होतं. अल्लाहवर प्रेम म्हणजे फक्त आज्ञापालन. धर्मपंडित गझाली (मृत्यू ११११) यांनी या मताला सविस्तर उत्तर दिलं. माणूस प्रेम का करतो याची ते पाच कारणं देतात: स्वतःचं असणं टिकावं म्हणून, आपल्यावर कोणी उपकार करतं म्हणून, कोणी इतरांचं भलं करतं म्हणून, सौंदर्यासाठी, आणि आतल्या कुठल्यातरी साधर्म्यामुळे. मग दाखवतात की पाचही वाटा शेवटी अल्लाहकडे जातात. म्हणजे आईच्या, गुरूच्या, मित्राच्या प्रेमाला ते अडथळा समजत नाहीत; त्या अनुभवाशिवाय त्यांचा युक्तिवाद सुरूच होत नाही.

बसऱ्याच्या राबिया (मृत्यू ८०१) यांची प्रार्थना बहुतेकांनी ऐकलेली असते: नरकाच्या भीतीने तुला पूजत असेन तर मला नरकात जाळ, स्वर्गाच्या आशेने पूजत असेन तर तो मला बंद कर. त्यांच्या नावावरच्या बऱ्याच गोष्टी फारसी कवी अत्तार यांनी चारशे वर्षांनी लिहिलेल्या आहेत, तेव्हा शब्द न् शब्द त्यांचाच असा दावा नको. सृष्टिकर्त्याच्या प्रेमात इतर कशालाच जागा उरली नाही, असंही त्यांच्या तोंडी आहे. दाव्याला खरा आधार मिळतो तो इथे, एका विरक्त सूफी बाईच्या उद्गारात; आणि गंमत अशी की दावा करणाऱ्यांना सूफी तर चांगले वाटतात.

उरला बाहेरून आणल्याचा मुद्दा. दमास्कसचे इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) हे धर्मशास्त्री इब्न तैमिया यांचे शिष्य, आजच्या सलफींना (सुरुवातीच्या इस्लामकडे परत जाऊ पाहणाऱ्यांना) अत्यंत आदरणीय, सूफींच्या अनेक रीतींवर कडाडून टीका करणारे. ते लिहितात की अल्लाहकडे निघालेलं मन पक्ष्यासारखं आहे. प्रेम त्याचं डोकं, भीती आणि आशा दोन पंख. डोकं छाटलं तर पक्षी मरतो. हे त्यांनी लिहिलं ते हेरातचे हंबली पंथाचे सूफी अब्दुल्ला अन्सारी (मृत्यू १०८९) यांच्या ग्रंथावरच्या भाष्यात, जिथे पटत नाही तिथे अन्सारींनाही न सोडता. प्रेम ही बाहेरून आणलेली चीज असती, तर ती अडवायला वेशीवर पहिला उभा राहिला असता तो हाच माणूस.